तळमजल्यावरचा दुसरा बेस

आमच्या घराला तीन मजले आहेत आणि मी मधल्या मजल्यावर राहते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या कपाळी जो ताप आला तो सगळा त्यातून आला. खाली ओलिंडा फुर्तादो, वर तिचा थोरला भाऊ डोमिंगोस. घर त्यांच्या बापाचं, लाकडी, थॅचर्स फॉल्समधल्या गिरणीवाल्यांच्या इतर घरांसारखंच: मागे जिना, प्रत्येक मजल्याला गॅलरी, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मी भाडेकरू. भाड्याशिवाय आणखी काय काय करावं लागेल हे खोली बघताना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी खालून हाक येते. "कॉनी! भांडं!"

मग मी खाली जायचं, केल नावाची पालेभाजी आणि चोरीसो सॉसेज घातलेल्या सुपाचं भांडं उचलायचं, दोन जिने चढायचे आणि कोपराने दार ठोठावायचं.

"कुणी दिलं?" डोमिंगोस विचारतो. दर रविवारी विचारतो.

"पोपनं."

"मीठ जास्त असेल."

"मग नका खाऊ."

भांडं घेतो. सोमवारी ते घासून पुसून माझ्या दाराशी ठेवलेलं असतं. मी खाली नेऊन देते.

"काय म्हणाला?"

"मीठ जास्त म्हणाले."

"जीभ मेलीय त्याची. गिरणीतल्या धुळीनं मेली."

ही भावंडं १९४९ पासून एकमेकांशी बोललेली नव्हती. आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पुढच्याच बाकावर बसली होती म्हणतात, पण मधे एका काकाला बसवून. भांडण जमिनीवरून नाही, घरावरून नाही, लग्नावरून नाही. बेसबॉलवरून.

आमच्या गावाचा संघ होता हेरन्स. सगळे त्यांना बगळेच म्हणायचे. टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा, आणि ती टोपी ज्याच्या आजोबांकडे नव्हती असं घर गावात शोधून सापडणार नाही. संघ गिरणीच्या मालकांचा होता. खेळाडू गिरणीत कामाला, मैदान गिरणीच्या मागे, आणि मैदानाला लागणारं सगळं कापडाचं काम गिरणीच्या शिवणखात्यात. पोशाख तिथे शिवायचे. बेससुद्धा तिथेच. बेस म्हणजे धावणाऱ्या गड्यानं ओळीनं गाठायच्या तीन जागा, आणि तेव्हा तिथे जाड कॅनव्हासची चौकोनी पिशवी असायची. आत चिंध्या ठासून भरायच्या, वर चामड्याचे पट्टे लावायचे आणि मैदानात खुंटीला बांधायची. शिवणखात्यातल्या बायकांची एक रीत होती. आदल्या वर्षीचे फाटके पोशाख फेकायचे नाहीत, कापून पुढच्या वर्षीच्या बेसमध्ये भरायचे. म्हणजे आज जो गडी धावून बेसवर पाय ठेवतोय, त्याच्या पायाखाली गेल्या वर्षीचा संघ. कुणी शिकवली नव्हती ही रीत, आणि मालकांना तर माहीतही नव्हती.

एकोणपन्नास साली दुसरा बेस ओलिंडानं शिवला. विशीतली पोर, हात चपळ, जीभ त्याहून. आत कुणाचा सदरा भरायचा हे शिवणारी ठरवायची. तिनं डोमिंगोसचा घेतला. तो बगळ्यांचा पिचर होता, आणि त्या वर्षी असा चेंडू टाकत होता की समोरचे फलंदाज बॅट घेऊन नुसते वारा घालत. एकोणीस सामने जिंकले होते त्यानं. विसावा जिंकणारा पिचर म्हणजे वेगळी जात. त्याला मोठ्या शहरातून बोलावणं येतं, निदान गावातला न्हावी त्याच्याकडून पैसे घेत नाही.

आणि त्याच वर्षी मालकांनी संघ विकला. पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याशा गावाला. संघ म्हणजे नाव, टोपी, बगळा, बॅटा, सगळं. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक लागणार आणि पोशाख, बेस, खुर्च्या, घंटा, सगळं भरून नेणार असं मुनीमच सांगत फिरला. मग गावानं काय करावं? शेवटच्या सामन्याला गाव आलं ते खिशात पाने, स्क्रूड्रायव्हर आणि पाव कापायच्या सुऱ्या घेऊन. प्रत्येकाला काहीतरी घरी न्यायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. मी असते तर आख्खं कुंपण नेलं असतं.

नववी इनिंग, म्हणजे शेवटची. बगळे तीनास दोन पुढे. पाहुण्यांचे दोन गडी बाद, तिसरा समोर, त्याच्यावर दोन स्ट्राइक. आणखी एक चेंडू हुकला की सामना संपला, जिंकला, डोमिंगोसचा विसावा. पण तोपर्यंत बाकांचे बोल्ट सैल झाले होते. मागच्या हिरवळीवर माणसं गुडघ्यावर बसून गवताचे चौकोन कापत होती, खेळ चालू असताना! दोरीपाशी रेटारेटी. आणि मग कुणीतरी ओरडलं, "संपलं!" कोण ओरडलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. सगळे घुसले.

पंच घसा फोडून ओरडला, संघाचा मॅनेजर हात जोडून फिरला. पण बेसच नाहीत तर खेळणार कशावर? पंचानं घड्याळ पाहिलं, वाट पाहिली आणि सामना जप्त केला, म्हणजे यजमान संघ हरल्याचं जाहीर केलं. जप्त सामन्याचा निकाल नियमानं एकच असतो, नऊ-शून्य, विरुद्ध बाजूचा विजय. आणि असा सामना कुठल्याच पिचरच्या नावावर लागत नाही. डोमिंगोस एकोणीसवर राहिला. पुढच्या वर्षी त्याचा खांदा गेला, आणि आयुष्यभर तो गिरणीत गाठी वाहत राहिला.

सगळ्या गावानं मिळून सामना घालवला, हे उघड आहे ना? तुम्हाला आहे, मला आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर एकच छायाचित्र आलं. ओलिंडा फुर्तादो, बूट हातात, केस सुटलेले, काखेत दुसरा बेस, आणि तोंडभर हसू. झालं. त्या दिवसापासून सामना ओलिंडानं घालवला. बाजारात पोरं तिच्यामागे ओरडायची, "अगं ए, तिसरा विसरलीस!" आणि आज तिला दोष देणारे म्हातारे स्वतः कशावर बसलेले असतात? मैदानातून उपटून आणलेल्या खुर्च्यांवर. ओसरीवर, कॉफी-मिल्क पीत, बगळ्यांच्या खुर्चीत बसून सांगतात, "ती बाई नसती तर जिंकलो असतो." ऐकलं की माझ्या टाळूला आग लागते.

आता माझा संबंध. मैदान कधीच गेलं, तिथे गोदाम झालं. राहिलं होतं ते विटांचं तिकीटघर, एक खोली आणि दोन खिडक्या. नगरपालिकेला ते पाडून गाड्या उभ्या करायच्या होत्या. आम्ही काही जणांनी समिती केली आणि तीन वर्षं भांडलो. मी सभेत ओरडले, दोनदा बाहेर काढलं, तिसऱ्यांदा आत घेतलं. शेवटी ते म्हणाले, त्यात बगळ्यांचं प्रदर्शन भरवून दाखवा, लोक येतात का बघू, मग ठरवू. ते वर्ष १९९४. मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते, देशभर मैदानं ओस, टीव्हीवर बेसबॉल नाही. गाव खेळाडूंना शिव्या घालत होतं आणि मी खेळाडूंच्या बाजूनं गावाला. पण आमच्या खोलीला त्याचा फायदा झाला. लोकांना काहीतरी बेसबॉल हवा होता, जुना तर जुना.

समितीचा अध्यक्ष डॉक्टर एव्हरेट प्रॅट, दातांचा डॉक्टर, निवृत्त. अर्ध्या गावाच्या तोंडात त्याचा हात जाऊन आलाय, त्यामुळे कुणी त्याच्यापुढे तोंड उघडत नाही. मी उघडते. माझे दात मी बॉस्टनला दाखवते. त्याच्या ओसरीवर बगळ्यांच्या चार खुर्च्यांची आख्खी ओळ आहे, नंबरांसकट. ती त्यानं प्रदर्शनाला दिली. लोरेन बुशेनं वडिलांचा पहिला बेस दिला, काचेच्या पेटीत घातलेला. गवताचा वाळका चौकोन आला, घंटा आली, शेंगदाणेवाल्याचा ट्रे आला, फलंदाजासमोर जमिनीत बसवतात ती होम प्लेट तर एका बाईनं न्हाणीघराच्या उंबऱ्यातून खणून काढली. खोली भरली. प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड लावायचं ठरलं, कुणी दिली आणि ती त्यांच्याकडे कशी आली. मी कार्डं वाचत गेले आणि माझं डोकं सटकत गेलं. "मॅनेजरकडून भेट." "आजोबांना मैदानाजवळ सापडली." "कुटुंबाकडे पूर्वापार." चार खुर्च्या सापडतात कुठे, डॉक्टर? फुटपाथवर?

उरला दुसरा बेस. मी रविवारचं भांडं घ्यायला खाली गेले तेव्हा विचारलं. तो ओलिंडाच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर फळीवर असतो, स्वच्छ फडक्याखाली.

"देईन," ती म्हणाली. "एका अटीवर."

"बोल."

"कार्डावर खरं लिहायचं. माझ्या: ओलिंडा फुर्तादोनं सामना चालू असताना उपटला. सगळ्यांच्या कार्डावर तसंच. कुणी, काय, कधी."

"ओलिंडा, लोक खवळतील."

"मग खवळू देत. पंचेचाळीस वर्षं मी एकटी चोर आहे. मला कंपनी हवी."

"तुला गावाची माफी हवीय का?"

"गाव गेलं खड्ड्यात." तिनं पळी वर छताकडे दाखवली. "तो वाचेल. माझं ऐकणार नाही, पण भिंतीवर लावलेलं वाचेल. त्या पेपरातलं छायाचित्र त्याच्याकडे अजून आहे, मला माहितीय. मी तिथे एकटीच दिसते. त्याची पाठ माझ्याकडे होती गं. तो फलंदाजाकडे बघत होता. वळला तेव्हा त्याला फक्त मी दिसले."

मी भांडं उचललं, पण निघाले नाही.

"आणि का धावलीस?"

"त्याचा सदरा होता आत. उद्या पेनसिल्व्हेनियाला गेला असता. तिथला कुणीतरी त्यावर घाणेरडे बूट पुसणार! कुणीतरी 'संपलं' ओरडलं, मी धावले. संपलंच वाटलं मला." तिनं झाकण ठेवलं. "जा आता, निवेल."

मी ही अट समितीपुढे मांडली. तिकीटघरात, त्याच खुर्च्यांवर बसून.

"म्हणजे आम्ही चोर?" प्रॅट म्हणाला.

"तुम्ही नाही, तुमची ओसरी."

"कॉन्स्टन्स, हे प्रदर्शन आहे. पाद्र्यापुढची कबुलीची पेटी नाही."

"कबूल करायचं काही नसेल तर भीती कसली?"

"माझे वडील घरंदाज माणूस होते," लोरेन म्हणाली. "मॅनेजरनं स्वतः त्यांना तो बेस दिला."

"मॅनेजर तेव्हा पंचाच्या पाया पडत होता, लोरेन. तुझ्या वडिलांना बेस द्यायला कधी आला?"

ती उठून बाहेर गेली. हे बोलायला नको होतं हे मला कळत होतं, पण माझी जीभ कळायच्या आधी चालते. प्रॅट म्हणाला मतदान घ्या. घेतलं. माझ्या बाजूनं मी. मग मी सांगितलं, तिकीटघराची किल्ली माझ्या नावावर आहे आणि खोटी कार्डं मी लावणार नाही. ज्याला खरं लिहायचं नाही त्यानं आपली वस्तू घेऊन जावं.

आणि नेल्या हो! मला वाटलं होतं दोघेतिघे रुसतील, बाकीचे शरमेनं खरं लिहितील. त्या आठवड्यात खोली अशी रिकामी झाली की शेवटच्या सामन्यानंतरचं मैदानच वाटावं. गवताचा चौकोन गेला, घंटा गेली, उंबरा परत न्हाणीघरात गेला. प्रॅटनं दोन पोरं आणि टेम्पो आणला. जाताना म्हणाला, "नगरपालिकेला काय दाखवणार आता? भिंती?" बापाचं नाव जपायला माणसं बगळ्यांची शेवटची खोली बुडवायला तयार झाली. ज्या संघावर इतकं प्रेम, त्याला दोनदा त्याच हातांनी लुटलं. मी तिकीटघरात एकटी बसून भिंतीला शिव्या दिल्या.

रविवारी भांडं घेऊन वर गेले ती धुसफुसतच.

"कुणी दिलं?"

"तुमच्या बहिणीनं दिलं! ओलिंडानं! नाव घेतलं तर जीभ झडत नाही!" आणि मग सगळंच बाहेर पडलं, अट, कार्डं, टेम्पो, सगळं. म्हातारा दारात भांडं धरून उभा. हाताला चटका बसत असणार, पण खाली ठेवेना.

"कुणी कुणी काय नेलं होतं?" त्यानं शेवटी विचारलं.

"शुक्रवारी उघडतोय. येऊन वाचा."

"मीठ," तो म्हणाला, मग थांबला. "बघतो मीठ कसंय ते." आणि दार लावलं.

शुक्रवारी मी तिकीटघर उघडलं. मधोमध एक टेबल, टेबलावर दुसरा बेस, मातकट, एका कडेला उसवलेला, पट्टे लोंबणारे, शेजारी ओलिंडानं सांगितलेलं कार्ड. बाकी भिंतींवर मी माझ्या हातानं कार्डं लिहून लावली होती, प्रत्येक वस्तूच्या रिकाम्या जागेखाली एक. "खुर्च्यांची ओळ, नववी इनिंग चालू असताना सुटली. सध्या ओसरीवर." "गवत, सामना चालू असताना कापलं. सध्या बैठकीत." नावं लिहिली नाहीत. सगळ्यांना माहीत आहेत. नगरपालिकेचा माणूस आला, एक फेरी मारली, म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "बाकीचं चोरीला गेलंय." तो हसला नाही. ती माणसं हसत नाहीत.

थोडेफार लोक आले. बरेचसे रिकाम्या जागा बघायला आणि कोणाची कुठली ते एकमेकांना कुजबुजायला आले. प्रॅट दारापर्यंत येऊन कार्ड वाचून परत गेला. ओलिंडा कोपऱ्यात, रविवारचा कोट घालून, पर्स दोन्ही हातांनी धरून. मग लोरेन आली. काखेत काचेची पेटी. माझ्याकडे बघितलं नाही. पेटी पहिल्या बेसच्या कार्डाखाली ठेवली आणि पेन मागितलं. "माझ्या वडिलांनी," असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. ओलिंडा पुढे झाली आणि तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "लिही, पोरी: माझ्या पुढे धावत होते. मी बघितलं होतं त्यांना. पाय चपळ होता तुझ्या बापाचा." लोरेननं लिहिलं. रडत लिहिलं, पण लिहिलं.

तेवढ्यात डोमिंगोस आला. जुना सूट, डोक्यावर बगळ्याची टोपी. त्यानं एकेक कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर चढवून, नाक भिंतीला लावून. लोरेनचं तर दोनदा वाचलं. मग टेबलापाशी येऊन बेसकडे बघत उभा राहिला. ओलिंडा हलली नाही. आता बोलेल, मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल.

"एक चेंडू," तो म्हणाला. बेसलाच म्हणाला. "एक चेंडू थांबता आलं नाही तुला."

"एक चेंडू?" ओलिंडा उसळली. "तू टाकत होतास का? टोपी सारखी केली! बोटांना लावायच्या रोझिनच्या भुकटीची पिशवी उचलली! कसला चेंडू टाकायचा त्याची कॅचरनं खूण केली, नको म्हणालास. दुसरी केली, नको म्हणालास! आख्खं गाव पाने घेऊन ताटकळत होतं आणि तू बूट पुसत होतास!"

"विसावा होता तो! विचार करायला लागतो!"

"नेहमीच असा! तुझ्या विचारापायी आई चर्चला उशिरा पोचायची!"

"बोट घसरत होतं माझं!"

"मग टाकायचा घसरता! तो फलंदाज काय, माझ्याही चेंडूवर हुकला असता!"

"तुला काय कळतं पिचिंगमधलं?"

"तुझा सदरा कळतो! आत तुझाच आहे, अठ्ठेचाळीसचा, बाहीवर वाइनचा डाग. पेनसिल्व्हेनियाला जाऊ दिला असता का?"

म्हातारा बेसवर वाकला. उसवलेल्या कडेत त्यानं बोट घातलं, आत चाचपलं, चिंधीचं टोक बाहेर ओढलं. करडं, जुनं, डाग होता का ते मला दिसलं नाही. त्यानं ते परत आत ढकललं, अंगठ्यानं दाबलं.

"शिवण कच्ची आहे," तो म्हणाला.

"मग तू कर पक्की!"

दोघं भांडत बाहेर पडली, भांडत रस्ता ओलांडला, भांडत घरी गेली. प्रदर्शन बंद करून मी घरी पोचले तेव्हा तो खाली तिच्या स्वयंपाकघरात बसून भांडत होता.

तिकीटघराचं अजून ठरलेलं नाही. नगरपालिका म्हणते दोन बेसनी खोली भरत नाही, मी म्हणते आणखी येतील, आणि प्रॅटच्या खुर्च्या ओसरीवरच आहेत. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, मला तयारी करायची असते. पण घरात बसून चार ओळी लिहिता येत नाहीत. पूर्वी निदान शांतता होती. आता ही खालच्या गॅलरीतून ओरडते, तो वरच्या गॅलरीतून, आणि दोघांचे शब्द माझ्या वाळत घातलेल्या चादरींमधून जातात. तो चेंडू आत टाकायचा होता की बाहेर. कॅचर कुठली खूण करत होता. मीठ.

काल मी बाहेर येऊन ओरडले, "जरा गप्प बसा की दोघं! माणसं राहतात इथे!"

वरून आणि खालून एकदम उत्तर आलं.

"तू मधे पडू नकोस, कॉनी!"